कापसाचा तास

दिवाळीची सुट्टी संपली की धरणगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत पट अर्ध्यावर येतो. कपाशी वेचणीला आलेली असते, पोरं शेतात. रागावून उपयोग होत नाही. म्हणून एका वर्षी सातवीच्या वर्गातच कापूस आणायचं ठरवलं. प्रश्न एकच दिला : क्विंटलभर कापसात रुई किती आणि सरकी किती?

गटागटाला शंभर-शंभर ग्रॅम कापूस तोलून दिला. सरकी हातानं काढायची. पहिली पाच मिनिटं हौस, मग बोटं दुखायला लागली. तास संपला तरी रुई मूठभरच. जिनिंगचं यंत्र कशाला लागतं, हे मग मला सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी काट्यावर रुई बहुतेकांची तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरली. शेकडेवारी तिथंच शिकवून झाली. एका गटाची रुई आणि सरकी मिळून मात्र ब्याण्णव ग्रॅमच! सांडली म्हणावं, तर जमिनीवर काही नाही. एरवी गणिताच्या तासाला मान वर न करणारा एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, तो कापूस ओला व्हता. सकायना दवमा येचेल शे.’’

मग दवातला कापूस तोलून उन्हात वाळवला, पुन्हा तोलला. काटा खाली आला. एकीनं उलटं केलं : वाळलेला कापूस रात्रभर माठाशेजारी ठेवला आणि वजन वाढवून आणलं! सरकारी खरेदीत आठ टक्के ओलावा धरतात, वर गेला की कपात, बारा टक्क्यांपुढे कापूस घेतच नाहीत. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा दोघांचे वडील शाळेत आले. मुलाला बोलवायला नव्हे, कपातीचा हिशेब समजून घ्यायला.

इतिहास आपोआप आला. सतराव्या शतकात याच धरणगावात इंग्रजांची वखार होती, आणि 1679 साली मराठ्यांच्या फौजेनं हे गाव लुटलं. ‘‘आपल्या गावात लुटण्यासारखं काय होतं?’’ या प्रश्नावरून कापड, व्यापार, सुरतेचं बंदर असा नकाशा भिंतीवर चढला. तकलीवर सूत काढण्याचा प्रयोग मात्र पार फसला. धागा दोन वितींवर तुटायचा. गांधीजींनी 1937 साली वर्ध्याला नई तालीम मांडली, तिच्यात तकलीला मोठा मान होता. आमच्या वर्गात तिला फारसा मिळाला नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी 1983पासून हातानं काम करत शिकण्याची जी वाट घातली, ती मुलांना जवळची वाटावी. तिथं वेल्डिंगही आहे.

अडचण आली ती टाचणवहीत. या तासाला विषय कोणता लिहायचा? मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘गणित टाका, तपासणीला बरं पडतं.’’ तेच टाकलं.