जळगांवाहून धुळ्यास

धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांतील रामदासी बाडें एकवार डोळ्यांनीं पाहावीं, या इच्छेनें गेल्या माघांत जळगांवाहून एस्टीनें निघालों. शेजारची जागा मोकळी असतांही "गुरुजी, बसूं का?" असा अदबीचा प्रश्न आला. पाहतों तों माझा एक जुना विद्यार्थी. धर्मानें मुसलमान, हल्लीं मालेगांवीं यंत्रमाग चालवितो. इतक्या वर्षांच्या ओळखींत हा प्रश्न कां उद्भवावा, हें मला कळलें, आणि कळलें म्हणूनच लागलें.

एरंडोल आलें. तेथील एका जुन्या वास्तूस कोणी पांडववाडा म्हणतो, कोणी जुम्मा मशीद; तो वाद २०२३ सालीं उच्च न्यायालयापर्यंत पोंचला. आम्ही दोघेही खिडकीबाहेर पाहत राहिलों.

पारोळें मागें पडल्यावर तो बोलूं लागला. मालेगांव १८६९ पर्यंत आपल्या खानदेशांतलेंच. ११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेंत विमानें आदळलीं, अफगाणिस्तानांत युद्ध पेटलें, आणि ऑक्टोबरांत मालेगांवीं जुम्म्याच्या नमाजानंतर अमेरिकन मालावर बहिष्कार घाला अशीं पत्रकें वाटण्यावरून दंगल होऊन पोलिसांच्या गोळ्यांनीं माणसें पडलीं. कोठें न्यूयॉर्क, कोठें मोसम नदी!

पुढें ८ सप्टेंबर २००६ रोजीं, शबे-बरातीच्या दिवशीं, तेथील मशीद व कब्रस्तान यांजवळ स्फोट झाले. मेले ते बहुतेक मुसलमान, प्रथम पकडले गेले तेही मुसलमान. वर्तमानपत्र खालीं ठेवून "हेच असणार" असें मी ओसरीवर बोललों होतों. २०१६ सालीं न्यायालयानें त्यांस दोषमुक्त केलें. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटांत सहाजण गेले, आणि खटला चालला तो हिंदूंवर. त्या वेळीं त्याच ओसरीवर मीं पुराव्याची बारीक चिकित्सा केली! तर्कसंग्रह शिकलेल्यानें प्रमाणाचें माप असें बदलावें? विशेष न्यायालयानें ३१ जुलै २०२५ रोजीं त्या सातांसही निर्दोष सोडलें.

हें सारें मीं त्यास सांगितलें. तो हसला. "आमच्या मोहल्ल्यांत अगदीं उलट झालें, गुरुजी. पहिल्या वेळीं आम्ही पुरावा मागत होतों, दुसऱ्या वेळीं नाहीं."

धुळें आलें. येथील तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं व साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. पुढें एकानें कुराणाचें सार काढलें, दुसऱ्यानें पैगंबरांचें चरित्र लिहिलें. गीता-प्रवचनें मीं वर्गांत कितीदां वाचून दाखविलीं; तीं दुसरीं दोन पुस्तकें मात्र उघडलींच नाहींत.

स्थानकावर त्यानें माझी पिशवी उतरवून दिली. "पुढच्या खेपेस घरीं जेवावयास ये," मीं म्हटलें.

"अगोदर घरीं विचारून घ्या, गुरुजी," तो म्हणाला.

बाडें पाहून परतलों, त्यास दोन महिने झाले. मीं अद्याप विचारलेलें नाहीं.