मध्ये फट नको

डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला घरी गाणं ऐकण्यासाठी उत्तम सीडी प्लेअर घ्यायचा असेल, तर त्यानं दुकानात जाण्याआधी घरातला पंखा बंद करून पाहावा. हा प्रयोग मे महिन्यात करू नये. डिसेंबरातली एखादी रात्र धरावी, अकरा वाजून गेलेले, खिडक्या लावलेल्या, वरच्या मजल्यावरचा मिक्सर थांबलेला. त्या वेळी खोलीत जी शांतता उरते तेवढीच आपल्या मालकीची. सीडीच्या आवाजाचा पल्ला ९६ डेसिबल असतो असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. त्याचा तळाचा मोठा भाग आमच्याकडे पंखा, रेल्वे आणि मानपाडा रस्त्यावरचे हॉर्न आपसांत वाटून घेतात. त्यामुळे दोन महागड्या प्लेअरमधला बारीक फरक आपल्याला ऐकू येतो असं सांगणाऱ्या डोंबिवलीकराकडे मी आदरानं बघतो आणि विषय बदलतो.

तरीही प्लेअर निवडताना मी बराच घोळ घातला. त्याला कारण माझं आजवरचं ऐकणं.

आमच्या घरी गाणं आलं ते कॅसेटमधून. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. बडा ख्याल रंगात यावा, बुवांनी तार षड्जाभोवती घिरट्या घालायला सुरुवात करावी आणि टेपरेकॉर्डरनं खट् करून थांबावं. कॅसेट उलटी घातली की गाणं पुढे सुरू होई, पण तोवर समेची वाट बघणारा जीव उठून गेलेला असे. पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरायची. बाबा ती मऊ फडक्यानं पुसत, कॅसेट पेन्सिलीवर गुंडाळून घेत आणि तंबोऱ्यामागे चालणाऱ्या फिसफिशीबद्दल चकार शब्द काढत नसत. ती फिसफिस तंबोऱ्याचीच, असं मी लहानपणी धरून चाललो होतो.

ठाण्याला नौपाड्यात मामाकडे रेकॉर्ड प्लेअर होता. किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी त्यानं जिवापाड जपली होती. भूप संपला की मामा सुई उचलायचा, रेकॉर्ड कव्हरात घालायचा आणि मामीला चहा टाकायला सांगायचा. लगेच दुसरी बाजू लावायची नाही, हा त्याचा दंडक. “भूप जरा मुरू दे रे,” म्हणायचा. हेच दोन राग पुढे सीडीवर ऐकले तेव्हा भूप संपून काही सेकंदांत बागेश्री सुरू झाली. त्या यंत्राला मामा नव्हता. म्हणून सांगतो, प्लेअरच्या रिमोटवरचं थांबण्याचं बटण अंधारातही बोटाला सापडलं पाहिजे. परीक्षणं लिहिणारे याबद्दल लिहीत नाहीत.

पहिली सीडी ऐकली ती मस्कतहून सुटीवर आलेल्या शेजाऱ्यांकडे. अर्धी इमारत बघायला जमली होती. तबकडी कडेनं धरून त्यांनी ट्रेवर ठेवली, ट्रे आपला आपण आत गेला, आणि काहीच ऐकू येईना. “बिघडलं वाटतं,” एक काकू म्हणाल्या. तेवढ्यात त्या शांततेतून तंबोरा आला. मागे फिसफिस नाही, काही नाही, नुसती जवारी. माझ्याबरोबर आलेले बाबा दारातच थांबले होते, ते आत येऊन खाली बसले.

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून १९८० साली या तबकडीचे नियम बांधले. व्यास १२ सेंटीमीटर, आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. ऑक्टोबर १९८२ मध्ये सोनीचा पहिला प्लेअर जपानात विक्रीला आला. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कळव्याला फिलिप्सचा कारखाना होता आणि आमच्या इमारतीतले एकजण तिथे पाळीला जात. त्यामुळे सीडीच्या शोधात कळव्याचाही हात आहे, असं आम्ही मुलं छातीठोकपणे सांगायचो. कळव्याला दिवे बनत, हे नंतर कळलं. तबकडीवर ७४ मिनिटं का, तर बेथोव्हनची नववी सिंफनी अखंड मावावी म्हणून, अशी एक गोष्ट फार सांगितली जाते. फिलिप्समध्ये या कामावर असलेले अभियंते कीस इमिंक यांना ती मान्य नाही. व्यासाचा निर्णय बराचसा दोन कंपन्यांच्या धंद्याच्या गणितातून झाला, असं त्यांचं म्हणणं. कुणासाठी का होईना, फायदा ख्यालाचा झाला. आमच्या आधीच्या गवयांनी ७८च्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटांत राग कोंबला होता. आता विलंबितापासून द्रुतापर्यंत एका बैठकीत, न उठता ऐकण्याची सोय झाली.

नोकरी फोर्टात लागली आणि पगाराच्या दिवशी काळ्या घोड्याला जाणं सुरू झालं. जहांगीर आर्ट गॅलरीसमोरच्या ऱ्हिदम हाउसमध्ये सीडी हाताळायच्या, किंमत बघून बहुतेक परत ठेवायच्या, एखादी घ्यायची. खरी परीक्षा पुढे सीएसटीला. संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये सीडीची प्लॅस्टिकची डबी शाबूत घरी आणणं हे कसब होतं. बॅग पोटाशी धरली तरी डबीच्या मधले तबकडी पकडणारे बारीक दात मोडायचेच. माझ्या संग्रहातल्या निम्म्या डब्या आजही हलवल्या की खुळखुळतात. ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं.

मधली काही वर्षं डिस्कमनची. फास्ट गाड्या तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जात. गाडीच्या धक्क्यांनी लेझरची जागा चुकली तर डिस्कमन आधी साठवलेल्या दहा सेकंदांच्या आवाजावर वेळ मारून नेई. बोगद्यात मात्र यमन चाललाय की बिहाग तेही कळत नसे. नंतर घरोघरी डीव्हीडी प्लेअर आले आणि सीडीसाठी वेगळं यंत्र कशाला, असा प्रश्न घरात रीतसर मांडला गेला. प्रश्न वाजवी होता. उत्तर मला दोन गोष्टींनी दिलं. कितवा ट्रॅक चाललाय हे बघायला टीव्ही लावावा लागे, आणि आठ वाजता टीव्हीवर माझा हक्क नसे. दुसरी गोष्ट गंभीर. मैफलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत सोयीसाठी दोन ट्रॅकमध्ये तोडलेले असतात, प्रत्यक्षात तबला थांबलेला नसतो. आमचा डीव्हीडी प्लेअर ट्रॅक बदलताना एक बारीक फट टाकायचा. अर्धा सेकंदसुद्धा नसेल. पण ठेक्यातली एक मात्रा गिळली की पुढचा सगळा द्रुत लंगडतो. बायकोला गाण्यातलं फार कळत नाही असं ती म्हणते, तिनंही एकदा स्वयंपाकघरातून विचारलं, “आत्ता काय अडकलं?”

याच सुमारास कल्याणच्या काकांची ओळख झाली. कल्याण गायन समाजाचा देवगंधर्व महोत्सव असो की ठाण्यातला पं. राम मराठे यांच्या स्मृतीचा महोत्सव, काका मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. ऐन तारुण्यापासून त्यांनी घरगुती बैठकी गवयांच्या परवानगीनं टेपवर घेतल्या होत्या. निवृत्तीनंतर मुलाच्या कॉम्प्युटरवरून त्या सगळ्या कोऱ्या सीडींवर उतरवल्या. अख्खा राग ते एकाच ट्रॅकमध्ये ठेवत, कारण ट्रॅक पाडले की सीडी लिहिणारं यंत्र बहुधा मध्ये दोन सेकंदांची शांतता घालतं हे त्यांना ठाऊक होतं. तबकडीवर निळ्या शाईत राग, गाव, महिना. एका पावसाळ्यात त्यांनी मला पिशवीभर सीडी दिल्या. “अरे, ने. पण कुणाला देशील तर कॉपी दे, मूळ देऊ नकोस. आणि उन्हात ठेवू नकोस.”

उन्हाचं ते का म्हणाले, हे मला घरी लिहिलेल्या सीडीची रचना वाचल्यावर उमगलं. दुकानातल्या सीडीवर माहितीचे खड्डे साच्यात दाबून उठवलेले असतात. कोऱ्या सीडीवर मात्र रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझर त्यात डाग जाळत जातो. हा रंग प्रकाशानं, उष्णतेनं, दमटपणानं हळूहळू विटतो, आणि या तिन्हींना कल्याण-डोंबिवलीत तोटा नाही. विटलेली तबकडी वाचताना प्लेअर चुका करतो आणि स्वतःच त्या दुरुस्त करतो. ही दुरुस्ती आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या सूत्रांवर चालते. माहिती थोडी जास्तीची लिहून ठेवायची, म्हणजे हरवलेला तुकडा उरलेल्यातून परत काढता येतो. व्हॉयेजर २ या यानानं १९८६ मध्ये युरेनसची छायाचित्रं पाठवली, तीही याच सूत्रांच्या भरवशावर. १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी आहे तिच्यात गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई ज्या यानातून गेल्या त्याची भाषा आणि कल्याणच्या काकांच्या सीडीची भाषा नात्यातली निघाली, याचा मला उगाचच आनंद झाला.

पण सूत्राच्या आधी लेन्स लागते. डीव्हीडी प्लेअर या सीडी घेईना, तेव्हा मी स्टेशनजवळच्या एका मेकॅनिककडे गेलो. त्यानं झाकण उघडलं, कापसाच्या काडीनं लेन्स पुसली, तबकडी घातली आणि निकाल दिला, “साहेब, हेड गेलंय.” लेझर आणि लेन्सच्या जोडणीला बाजारात हेड म्हणतात. हेडवर एक राईएवढा स्क्रू असतो. तो किंचित फिरवला की लेझरचा जोर वाढतो आणि मेलेलं यंत्र उठून वाजू लागतं. “फिरवून देतो, पण मग सहा महिने धरा,” हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. त्याच्याकडे बसून मला जे कळलं ते कुठल्या परीक्षणात वाचलं नव्हतं. सोनीचं केएसएस-२१३ हेड कितीतरी कंपन्यांच्या प्लेअरमध्ये बसायचं, त्यामुळे ते लॅमिंग्टन रोडला मिळून जातं. जुन्या नामांकित प्लेअरमधली फिलिप्सची हेड शोधायला मात्र नशीब लागतं. ट्रे उघडेनासा झाला तर बहुतेकदा आतला रबरी बेल्ट सैल पडलेला असतो. हेड ज्या दांड्यावर सरकतं त्यावरचं ग्रीस वाळलं की शेवटचे ट्रॅक अडकतात, कारण सीडी आतून बाहेर वाचली जाते. बहुतेकांना ती बाहेरून आत जाते असंच वाटतं. आणि खालच्या चकचकीत बाजूपेक्षा नाव छापलेल्या वरच्या बाजूला ओरखडा पडणं अधिक वाईट, कारण माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो.

इतकं शिकून ठाण्यातल्या एका शोरूममध्ये गेलो. विक्रेता मुलगा चांगला होता, पण त्याची गाडी चिपवर अडकली होती. सीडीवरच्या आकड्यांचा आवाज करते ती डॅक चिप. या प्लेअरमध्ये अमुक डॅक, त्यात तमुक. मग त्यानं शोरूमची सीडी लावली. एक विलायती गिटार, पाण्याचे थेंब, कुठूनतरी टाळ्या. जगातला कुठलाही प्लेअर त्या सीडीवर सुंदर वाजतो. मी पिशवीतून काकांची सर्वात विटलेली सीडी काढली. “सर, ही बाहेरची सीडी नका टाकू, पीस नवीन आहे.” म्हटलं, बाळा, घरी मी हीच टाकणार आहे.

एका प्लेअरनं ती सरळ परत केली. एकानं घेतली, पण मध्येच अडखळला. तिसऱ्यानं बराच वेळ आत घुटमळत वाचली आणि वाजवायला लागला. तो मॅरान्झचा सीडी ६००६ होता. त्यावर मग मैफलीची सीडी लावली आणि विलंबितातून द्रुतात जाण्याची वाट बघत बसलो. ठेका अखंड आला. आवाज? आवाज छान आहे, तंबोरा गोल आहे, गळा जवळ वाटतो. पण एवढ्या किमतीच्या बहुतेक प्लेअरचा आवाज छानच असतो. चिप बनवण्याची विद्या केव्हाच सगळ्यांना साधली आहे. फरक पडतो तो हेडमध्ये, ट्रेमध्ये, आणि बिघाड झाला तर कोण दुरुस्त करणार यात. नुसती तबकडी वाचणारा ट्रान्सपोर्ट आणि वेगळा डॅक घेणारेही आहेत. पैसे असतील तर घ्यावा, त्यात वाईट काही नाही. न्यू जर्सीच्या भाच्यानं पाठवलेला प्लेअर मात्र ११० व्होल्टवर चालणारा निघाला. त्याच्यासाठी आणलेला ट्रान्सफॉर्मर कायम कुठल्यातरी खर्जात गुणगुणत असतो. तसा देऊ केला तर प्रेमानं नाही म्हणावं.

ज्यांच्याकडे फक्त दुकानातल्या छापील सीडी आहेत त्यांना घाई नाही. नीट ठेवल्या तर त्या पुष्कळ टिकतील. पुसायच्या तर मधून कडेकडे सरळ रेषेत, गोल गोल नाही. पण तुमच्या कपाटात शाईनं नाव लिहिलेल्या सीडी असतील, कुणा काकांनी दिलेल्या, वडिलांनी उतरवलेल्या, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही, तर प्लेअरची चौकशी चार दिवस पुढे ढकला. आधी एखाद्या जुन्या कॉम्प्युटरचा सीडी ड्राइव्ह चालू करून घ्या आणि त्या सगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा, दोन ठिकाणी ठेवा. सगळ्यात विटलेल्या आधी घ्या. हे पावसाळ्याच्या आत करा.