आईच्या कपाळावरची आठी

गेल्या वैशाखात माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं. बस्ता, केळवणं, हॉलवाल्याशी हुज्जत, सगळं यथासांग चाललं होतं. एके रात्री सांगलीहून त्याचा फोन आला. "ताई, देवकाला काका-काकू बसणार हे ठरलं. पण आईचा फोटो जवळ हवा ना गं? कुठला ठेवू?"

यावर मी काय सांगणार! आईचा म्हणावा असा आमच्याकडे एकच फोटो. ती गेली १९९४ साली. मी सात वर्षांची होते आणि हा जेमतेम दोनाचा. तसे अल्बम दोन होते, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईचं पाणी घरात शिरलं आणि कपाटाचा खालचा कप्पा पाण्याखाली गेला. पूर ओसरल्यावर बाबांनी ते अल्बम तसेच मिटलेले गच्चीवर उन्हात टाकले. वाळले, पण पानाला पान असं चिकटलं, की सोडवताना चेहरेच्या चेहरे सोलून निघाले. (मैत्रिणींनो, ही चूक तुम्ही करू नका. भिजलेले फोटो ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात हलक्या हातानं सुटे करायचे आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वेगवेगळे वाळवायचे. मला हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.)

वाचला तो एकच. १९८६ साली, लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी, बाबांनी नरसोबाच्या वाडीला घाटावर काढलेला. कृष्णधवल, चौकोनी, पोस्टकार्डापेक्षाही लहान. डाव्या गालावर पाण्याचा डाग, एक कोपरा बुरशीनं खाल्लेला. आई पायरीवर उभी आहे, कपाळाला आठी घालून.

माझ्या पुतण्यानं फोटो पाहिला आणि म्हणाला, "काकू, अर्ध्या मिनिटाचं काम." मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपमध्ये घातला आणि खरंच अर्ध्या मिनिटात आई रंगीत झाली! डाग नाही, बुरशी नाही. गाल गुळगुळीत, आठी गायब आणि ओठांच्या फटीत मोत्यांसारखी दातांची सरळ ओळ. भावाला पाठवला तर तो हरखूनच गेला. "ताई, आज पहिल्यांदा आई नीट दिसली!"

मी काही बोलले नाही, पण रात्री झोप लागेना. आईचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. हसली की ती पदर तोंडाला लावायची. सात वर्षांच्या मुलीला फार आठवत नाही, पण एवढं आठवतं. माझ्या भावाला तर तेवढंही नाही. त्याच्या मनात आईची जागा रिकामीच आहे, आणि आता तिथं ही दुसरीच कोणी बाई जाऊन बसणार.

आमच्या कऱ्हाडात एक जुने फोटोग्राफर आहेत. त्यांची नात माझ्या वर्गात आहे. (मी आठवड्यातून तीन दिवस पाचवी-सहावीला मराठी शिकवते.) शाळा सुटल्यावर फोटो वहीत घालून त्यांच्याकडे गेले. मला वाटलं होतं, काका नव्या यंत्रांना चार शिव्या घालतील आणि माझ्या मनासारखं बोलतील. पण कसचं काय! काउंटरवर नवाकोरा कॅमेरा होता आणि काका त्याच्या कौतुकात रंगले होते.

"बघा बाई, यात आरसाच नाही. जुन्या कॅमेऱ्यात आरसा वर उचलला जायचा, त्याचा खटका वाजायचा. आता कन्यादान चालू असताना मी हाताच्या अंतरावरून फोटो काढतो, गुरुजींना पत्ताही लागत नाही. नवरीनं मान वळवली तरी हा तिचा डोळा बरोबर धरून ठेवतो. अहो, या वयात मला चष्म्यातून फोकस कुठं दिसतो?"

सॉफ्टवेअरबद्दलही तेच. एका लग्नाचे तीन-तीन हजार फोटो निघतात, त्यातले मिटल्या डोळ्यांचे ते पटकन वेगळे काढून देतं. हॉलच्या अंधुक उजेडात फोटोवर दाणे येतात, ते पुसतं. तक्रार एकच, आणि ती मला एखाद्या गृहिणीचीच वाटली. पूर्वी एकदा पैसे मोजले की वस्तू आपली व्हायची, आता बऱ्याच सॉफ्टवेअरला दरमहा भाडं भरा!

मग मी दोन्ही फोटो त्यांच्यापुढे ठेवले. काकांनी भिंग काढलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"बाई, यात तुमच्या आईंचा चेहरा केवढा? करंगळीच्या नखाएवढा. त्यातही गाल गेलेला. हा मोठा करायचा तर भर घालायला काहीतरी हवं ना? ते कुठून आणणार? त्या ॲपनं लाखो चेहरे पाहिलेत, त्यावरून अंदाज करून ते घालतं. गाल कुणाचा, दात कुणाचे. चित्र सुंदर आहे, पण तुमच्या आईंचं म्हणाल तर..." पुढचं ते बोलले नाहीत.

"मग तुम्ही पूर्वी रिटचिंग करायचात ते?" मी जरा खोचकपणेच विचारलं.

काका हसले. "करायचो की! निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड सोडायचा आणि टोकदार पेन्सिलीनं देवीचे व्रण बुजवायचे. मुली दाखवायच्या फोटोंत तर सर्रास. किती सावळ्या मुली मी गोऱ्या केल्या, त्याची आता लाज वाटते. पण तेव्हा माणूस समोर खुर्चीवर बसलेला असायचा. एकदा एका मुलीच्या आजीनं मला सगळ्यांसमोर झापलं होतं, तीळ का पुसलास म्हणून. परत घालायला लावला. तुमच्या आईंच्या वतीनं मला कोण झापणार?"

मग ठरलं ते असं. मोबाइलवर फोटोचा फोटो न काढता मूळ फोटो चांगल्या स्कॅनरवर घ्यायचा. घाट, पाणी, साडीचे काठ, कोपऱ्यातली बुरशी, तिथं खुशाल सॉफ्टवेअर चालवायचं. गालावरचा डाग थोडा फिका करायचा, पण चेहऱ्यात नवीन काही घालायचं नाही. आणि फार मोठा करायचा नाही.

"आणि ती आठी?" मी विचारलं.

"ती तर मुळीच काढायची नाही. हा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्याचा फोटो दिसतोय. त्याला भरपूर ऊन लागायचं. ऊन पाठीवर घ्यायचं आणि समोरच्याला उन्हाकडे तोंड करून उभं करायचं, ही आमची पद्धतच होती. त्या काळच्या निम्म्या बायका फोटोत रागावलेल्या दिसतात त्या त्यामुळं."

तीस वर्षं मी समजत होते, की आईला तिथं थांबायचं नव्हतं, की बाबांचं आणि तिचं काही बिनसलं होतं. कुणाला विचारायची हिंमत झाली नव्हती.

लग्नाच्या दोन दिवस आधी फोटो घेऊन सांगलीला गेले. भावानं पाहिला. तो जरा हिरमुसलाच. "यात ती हसत नाहीये गं," म्हणाला. बाबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. आईविषयी ते कधी बोलत नाहीत, आम्हीही विचारत नाही. पण त्यांनी हात पुढे केला, फोटो घेतला आणि खिडकीशी नेऊन पाहिला.

"ऊन होतं," ते म्हणाले. "कॅमेरा मित्राचा. बारा फोटोंचा रोल, त्यातला हा शेवटचा. तो वाया जायला नको म्हणून मी पाऊल मागं-पुढं करत बसलो. ती म्हणत होती, अहो, लवकर काढा, डोळे दिपतायत."

"मग?" भाऊ त्यांच्याजवळ जाऊन बसला. "पुढे काय म्हणाली?"

स्वयंपाकघरात काकूंनी पानं घेतली होती. त्या दोनदा हाक मारून गेल्या, पण बाबा बोलतच होते.

देवकाला पाटाशेजारी हाच फोटो ठेवला. भावाच्या मोबाइलवर मात्र अजून ती रंगीत आईच आहे. मी त्याला काही म्हटलेलं नाही.