साल चाखताना

शॅम्पेनचं बूच उडवायचं नाही. तारेची जाळी सैल केली की बूच मुठीत घट्ट धरायचं आणि दुसऱ्या हाताने बाटली सावकाश फिरवायची. आत हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट दाब असतो, त्यामुळे बूच आपण होऊनच वर येतं. एक हलका सुस्कारा ऐकू आला की काम नीट झालं. धडाका झाला की फेसाबरोबर वाईनही जमिनीवर जाते.

*

लेबलावर साल नसेल तर आत बहुधा अनेक हंगामांच्या वाईनचं मिश्रण असतं. बहुतेक शॅम्पेन अशीच असते आणि त्यात कमीपणा काही नाही. दर वर्षी तीच चव साधणं हे फार मोठं कसब. साल छापलं की मात्र सगळी द्राक्षं त्या एकाच हंगामातली. साधी शॅम्पेन नियमाने किमान 15 महिने मुरवतात, सालाची 3 वर्षं. शॅम्पेन बनवणारी नावाजलेली घराणी त्याहून बरीच जास्त थांबतात.

*

2003 आणि 2008 ही सालं शेजारी-शेजारी ठेवून प्यावीत. 2003च्या एप्रिलमध्ये शॅम्पेन प्रदेशात हिमाने कोंब जाळले, ऑगस्टमध्ये युरोपभर उष्णतेची लाट आली आणि द्राक्षतोड ऑगस्टमध्येच सुरू झाली. त्या सालात आम्लता कमी. पेल्यात पिकलेल्या फळांचा भरगच्च वास, घोट रुंद आणि मऊ. 2008चा उन्हाळा थंड आणि ढगाळ. सप्टेंबरमध्ये उघडीप मिळाली म्हणून हंगाम तरला. द्राक्षं सावकाश पिकली, आम्लता टिकली. पहिला घोट लिंबाच्या सालीसारखा, ताठ. मग मागून खडूची कोरडी चव येते आणि गिळल्यावरही बराच वेळ जिभेवर राहते. डॉम पेरिन्यॉन या ब्रँडने 2009चं साल आधी बाजारात आणलं आणि 2008 मागे ठेवलं. रोडरर घराण्याच्या क्रिस्टाल शॅम्पेनचंही तसंच. 2008ची वाईन घाई सोसणारी नव्हती. मला विचाराल तर 2008च थोर. पण 2003च्या बाटलीत त्या उन्हाचा ताप अजून आहे, आणि तोही चाखण्यासारखा आहे.

*

भाजलेले बदाम, ताजा पाव, लोणी हे वास द्राक्षांचे नव्हेत. दुसऱ्यांदा आंबवण बाटलीतच होतं. काम संपवून मेलेलं यीस्ट तळाशी बसतं आणि हळूहळू विरघळत वाईनला हे सगळं देतं. नंतर बाटल्या उलट्या करत गाळ मानेशी आणतात, मान गोठवतात आणि गाळ उडवून टाकतात. हे कोणत्या महिन्यात केलं ते हल्ली काही घराणी मागच्या लेबलावर छापतात. ते जरूर वाचावं. एकाच सालाच्या दोन बाटल्यांत यामुळे मोठा फरक पडतो. गाळ उशिरा काढलेली बाटली जास्त ताजी लागते.

*

बुडबुड्यांवरून वाईन जोखू नये. रीम्स विद्यापीठातले जेरार लिजे-बेलेर यांनी दाखवून दिलं की बुडबुडे बहुतांशी पेल्याला चिकटलेल्या कापडाच्या सूक्ष्म तंतूंवर जन्मतात. म्हणजे बुडबुड्यांची माळ पेला कसा पुसलाय त्यावरही अवलंबून असते. जुन्या शॅम्पेनमध्ये वायू कमी उरतो, बुडबुडे बारीक आणि मंद होतात. तो दोष नव्हे.

*

उंच अरुंद पेला सालाच्या शॅम्पेनला नको. पोट रुंद आणि तोंड किंचित आवळलेलं असा पेला घ्यावा. 10 ते 12 अंशांवर वास मोकळा होतो, त्याहून गार असली की वाईन गप्प बसते. पेला तिरका धरून ओतावं, वायू जास्त टिकतो.

*

दिंडोरीत शांडोनची फसफसती वाईन होते, तीही दुसऱ्यांदा बाटलीतच आंबवून. त्याआधी, 1980च्या दशकात, शाम चौगुले यांनी नारायणगावला 'ओमर खय्याम' काढून ही रीत महाराष्ट्रात रुजवली. फक्त शॅम्पेन हे नाव फ्रान्सच्या त्या प्रदेशाचं, इतरांनी ते लावू नये. माझ्या मते हे योग्यच आहे.

*

सालाची बाटली लग्नाच्या गर्दीत उघडू नका. तिथे तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. दोघं-चौघं जेवायला बसा, सोबत भाजलेली कोंबडी किंवा साधा तळलेला मासा असू द्या, तिखट रस्सा त्या दिवशी नको. पहिला पेला लगेच संपवू नका. अर्ध्या तासाने पुन्हा चाखा आणि मगच मत द्या.