निकाल आणि डाव

गेल्या शतकातील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण, हा वाद इंग्रजीत कधीच संपत नाही. मुहम्मद अली आणि जो फ्रेझर १९७१, १९७४ आणि १९७५ असे तीनदा एकमेकांसमोर उभे राहिले. १९७४ सालीच किन्शासात अलीने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडले. या लढतींच्या चित्रफिती आहेत, फेरीनिहाय वर्णने आहेत; किन्शासाच्या एका रात्रीवर नॉर्मन मेलरने लिहिलेले अख्खे पुस्तक आहे. वाद घालणाऱ्याच्या हाती पुरावा असतो. हा वाद वाचताना आमच्या मनात मात्र दुसराच प्रश्न येतो. आपल्या मल्लांविषयी असेच भांडायचे ठरवले, तर आपल्या हाती काय आहे?

मल्लांविषयी म्हणण्याचे कारण उघड आहे. मुष्टियुद्ध हा आपल्यासाठी वर्तमानपत्राचा शब्द; कुस्ती हा आपल्या गावजत्रेचा शब्द. शाहू महाराजांनी उभारलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले, आणि पुढे तेथील लाल मातीने पिढ्यान्‌पिढ्यांचे पैलवान पाहिले. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली दिल्लीत बंतासिंगांना हरवून पहिले हिंदकेसरी झाले. पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्यपदक आणले. हा आपला सुवर्णकाळ.

आता वरचा परिच्छेद पुन्हा वाचून पाहावा. त्यात गावे आहेत, साले आहेत, पदके आहेत; कुस्ती मात्र कोठेही नाही. कोणी कोणाला हरवले ते कळते, कसे ते कळत नाही. हा दोष एका परिच्छेदाचा नव्हे. आपल्या मल्लांविषयी जे लिहिले जाते, त्यातील बहुतेक असेच असते.

खाशाबा जाधवांचे उदाहरण घ्या. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक, १९५२ सालचे हेलसिंकीचे कांस्य, त्यांनी मिळवून दिले. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी घर गहाण ठेवले, परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, १९५५ साली ते मुंबई पोलिसांत दाखल झाले, हयातीत त्यांची उपेक्षाच झाली आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. हे सारे आपण सांगतो आणि ते सांगायलाच हवे. पण हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना कोणत्या डावावर नमवले, हे वर्गात विचारले तर एकही हात वर होत नाही. आपण खाशाबांची करुण कथा जपली आणि त्यांची कला गमावली. कलावंताच्या चरित्राने त्याच्या कलेची जागा घ्यावी, ही तक्रार साहित्याच्या अभ्यासकांना नवी नाही.

आम्ही राहतो त्या मानखुर्दात, वाशीच्या पुलाअलीकडच्या या शेवटच्या स्थानकापाशी, सांगलीकडून पोटासाठी आलेले एक वृद्ध शेजारी आहेत. सारे त्यांना अण्णा म्हणतात. तरुणपणी त्यांनी जत्रेतील मैदाने पायी जाऊन पाहिली. एकदा आम्ही त्यांना एका जुन्या कुस्तीचा निकाल विचारला, तेव्हा ते जरा चिडूनच म्हणाले, “मास्तर, निकाल काय इचारता? पट कसा काढला त्ये इचारा की!” आणि मग त्यांनी बसल्या जागेवरून दोन्ही हात पुढे टाकून, समोरचा मल्ल सावध असताना त्याच्या पायांत शिरायचे कसे, त्याने वरून दाब दिला तर खांदा कोठे न्यायचा, आणि या साऱ्यात श्वास कोठे धरायचा, हे सांगितले. अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण त्या दहा मिनिटांत एकही विशेषण आले नाही, सारी क्रियापदे होती. इतके नेमके गद्य आमच्या ऐकण्यात क्वचितच आले आहे.

त्या बोलण्यात पट, ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, एकचाक, धोबीपछाड असे शब्द सहज येत गेले. यांतील प्रत्येक शब्द म्हणजे एक हालचाल, तिचा प्रतिकार आणि त्या प्रतिकाराची तोड. ठोशासाठी आपल्याकडे गुद्दा, बुक्की, रट्टा आहेत. पण ते भांडणाचे शब्द, कलेचे नव्हेत. कुस्तीसाठी मात्र मराठीने संपूर्ण परिभाषा घडवली. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वराला ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदासाठी स्वतंत्र प्रकरण द्यावेसे वाटले. तेव्हा हा विषय शिष्टांच्या लेखणीला वर्ज्य होता असेही नाही. परिभाषा होती, जाणते प्रेक्षक होते. तो डाव कागदावर उतरवणारी लेखणी तेवढी क्वचित आखाड्याकडे फिरकली.

लेखणी काय करू शकते, याचा दाखला दोनशे वर्षांपूर्वीचा आहे. डिसेंबर १८२१ मध्ये इंग्लंडातील हंगरफर्डजवळ बिल नीट आणि टॉम हिकमन यांची लढत झाली. सर्वश्रेष्ठांच्या यादीत आज या दोघांना कोणी धरत नाही. पण ती लढत पाहायला विल्यम हॅझलिट गेला होता, आणि १८२२ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. म्हणून आजचा विद्यार्थीही हिकमन कसा कोसळला हे वाचू शकतो. नीट आणि हिकमन यांना जे लाभले, ते खंचनाळे आणि आंदळकर यांना आपण किती दिले?

तेव्हा ‘सर्वश्रेष्ठ कोण’ हा प्रश्न आम्हांला दुय्यम वाटतो. त्याआधीचा प्रश्न असा, की कोणाची कुस्ती आज मराठीत सांगता येते? श्रेष्ठत्वाचा निवाडा वर्णनावर उभा असतो. वर्णनच नसेल तर उरते ती पदकांची मोजदाद.

हे काम अजून थोडे दिवस शक्य आहे. भाषेच्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन जाणत्या प्रेक्षकांसमोर बसावे, निकाल विचारू नये, डाव विचारावा, आणि सांगणाऱ्याची क्रियापदे न सुधारता उतरवून घ्यावीत. गणित साधे आहे. १९५९ साली जो मुलगा पंधरा वर्षांचा होता, त्याने आता ऐंशी ओलांडली आहेत.