कळसा भरलेला होता का?

'काखेत कळसा, गावाला वळसा.' पण काखेतला कळसा भरलेला होता की रिकामा, हे म्हण सांगत नाही. भरलेला असता तर चालताना पाणी हिंदकळलं असतं, लुगडं भिजलं असतं, विसर पडलाच नसता. म्हणजे रिकामाच असणार. मग ती बाई पाण्यालाच निघाली होती ना? वळसा तिच्या वाटेतच असेल तर?

आजीची पितळी कळशी एका अंगाला चेपलेली होती, बरोबर कमरेवर बसते तिथं. आईनं घेतली की ती तिच्या बरगडीला लागायची. तो चेपा आजीच्याच कमरेचा होता. तिला मात्र तो कधी दिसला नाही. कळशी उचलली की चेपा आत, अंगाकडे जायचा.

2021 मध्ये मी दोन महिने घरूनच संशोधनाची इंटर्नशिप केली. कसबा सांगावात, माडीवर बसून. मार्गदर्शक परराज्यात, आठवड्यातून एकदा स्क्रीनवर भेटायचे. कास्टिंगमधले दोष संगणकाला ओळखायला शिकवायचे होते. चित्रं चिलीतल्या संशोधकांनी खुल्या केलेल्या जीडीएक्सरे संग्रहातली: एकूण 19,407 एक्स-रे, त्यातले 2,727 कास्टिंगचे, बरेचसे ॲल्युमिनियमच्या चाकांचे. माडीच्या खिडकीतून रात्री कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीचे दिवे दिसतात. आमच्याकडे तिला नुसतं 'फाईव्ह स्टार' म्हणतात. तिथल्या एका फाउंड्रीत आप्पा फेटलिंगला आहेत. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडेची जादा बीड ग्राइंडरनं काढायची.

एकदा सेकंड शिफ्टवरून आल्यावर ते माझ्यामागं उभे राहिले. स्क्रीनवर चाकाच्या आऱ्यात गोल, गुळगुळीत ठिपके होते. म्हणाले, "हे गॅसचं हाय. कुठंतरी ओल राहिली असणार." पुढच्या चित्रात वेडीवाकडी, दातेरी भेग. "ह्यो आकसलाय." आणि जेवायला गेले.

मला वाटलं, आप्पांचा जन्म वाळूच्या साच्यांत गेला. ॲल्युमिनियमची चाकं तर बहुतेक धातूच्या डायमध्ये ओततात, तिथं ओल कुठली? नंतर वाचलं की वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या, हत्यारांवरच्या ओलाव्यातून हायड्रोजन शोषतं. थिजताना तो बाहेर पडतो आणि गोल छिद्रं राहतात.

तेव्हापासून ती म्हण मला सोडत नाही. चिलीला वळसा घातला नसता, तर आप्पांना काय दिसतं हे मला कधी कळलं असतं? मी लहानपणापासून त्यांचा डबा भरत आले; कास्टिंगविषयी एक प्रश्न विचारला नव्हता. उलट हेही खरं, की त्या दोन महिन्यांत मी एकदाही म्हटलं नाही, 'आप्पा, बसा, उरलेली चित्रंही बघा.' ते दमून यायचे, म्हणून. की त्यांच्या म्हणण्याला संदर्भ कुठला द्यायचा, या भीतीनं? अजून नीट सांगता येत नाही.

अहवाल 31 पानांचा झाला. त्यात ओलीचं कारण आहे, एका पुस्तकाच्या नावानं.