पेशंट आणि हौशी

दात पांढरे करून घ्यायला आलेल्या माणसाला मी बरीच वर्षं परत पाठवत असे. रागावून नव्हे, हसून, समजावून, बहुतेकदा फी न घेता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. नागपूरच्या सरकारी दंत महाविद्यालयात शिकताना ओपीडीबाहेरची रांग रोज पाहिलेली: सुजलेले गाल, पू, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन दोन बोटंही आत जाणार नाहीत अशी आखडलेली तोंडं. दुखणं थांबवायचं, कीड काढायची, दात वाचवायचा, एवढंच आपलं काम अशी तिथे मनाची घडण झाली. त्यामुळे "मॅडम, जरा पांढरे करून द्या ना" असं कुणी म्हटलं की मला तो नखरा वाटायचा.

परत पाठवताना एक छोटं व्याख्यानही द्यायची. दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, मुळात पांढरं नसतंच. ते अर्धपारदर्शक असतं, आणि त्याच्या खालचं डेंटिन पिवळसर असतं. दुधी काचेमागे पिवळी भिंत असावी तसा आपला दात दिसतो. वय वाढतं तसं कवच झिजून पातळ होतं, डेंटिन जाड आणि गडद होत जातं. म्हणून पन्नाशीतले दात विशीतल्यापेक्षा पिवळे, आणि सुळे तर विशीतही शेजारच्या दातांपेक्षा पिवळेच. एवढ्यावर समोरचा बधला नाही तर मी दातवणाची गोष्ट काढायची. आपल्याच पणज्या-खापरपणज्या दातवण लावून दात मुद्दाम काळे करत, तेच सवाष्णीला शोभतं असं मानत. जपानातही तीच रीत होती. तिथल्या सरकारनं 1870 मध्ये सरदार घराण्यांना दात काळे करायला बंदी केली तेव्हा कुठे ती ओसरू लागली. तेव्हा पांढऱ्या दातांचं कौतुक हे काही वेदकाळापासूनचं नाही! ऐकणारा माना डोलवायचा, आणि बहुधा दुसऱ्या दवाखान्यात जायचा.

त्या भूमिकेतलं निम्मं अजूनही मला पटतं, ते आधी सांगून टाकते. पांढरे करा म्हणून येणाऱ्या कितीतरी जणांना ब्लीचिंगची गरजच नसते. चहा, खर्रा, मशेरी, लोहाचं सिरप, महिनोन्‌महिने वापरलेला क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश, या सगळ्यांचे डाग दाताच्या पृष्ठभागावर बसतात. साधं स्केलिंग आणि पॉलिशिंग केलं की ते निघतात, पैसेही थोडके लागतात. खर्रा खाणाऱ्याचा तर मी आधी गाल आणि जीभ बघते. पांढरे चट्टे किंवा आखडलेलं तोंड दिसलं तर रंगाचा विषय तिथेच बाजूला. हा नियम तेव्हाही होता, आताही आहे.

बदल सुरू झाला तो बोअरच्या पाण्यामुळे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत, असं आपलं मानक सांगतं. त्याहून जास्त असलेलं पाणी पोर लहानपणी पीत राहिलं, की हिरडीच्या आत घडत असलेल्या कायमच्या दातांचं कवच नीट भरत नाही. दात बाहेर येतात तेच खडूसारखे चट्टे घेऊन, आणि पुढे त्या चट्ट्यांवर तपकिरी रंग चढतो. ब्रशनं तो जात नाही. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला फ्रेडरिक मॅके नावाचा दातांचा डॉक्टर 1901 पासून या तपकिरी दातांच्या मागे लागला होता. कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे सापडायला 1931 उजाडलं.

अशीच एक कॉलेजात जाणारी मुलगी आईबरोबर आली. मुलगी बोलेना. आईच म्हणाली, "मॅडम, तिले हसताच येत नाही. फोटोत बी तोंड मिटूनच राहते. पाहुणे आले का पदराआडच जाते." या पोरीला मी व्याख्यान दिलं नाही. उपचार केला: आधी सौम्य ब्लीचिंग, म्हणजे आजूबाजूचा दात उजळला की पांढरा चट्टा उठून दिसत नाही; मग सौम्य आम्ल आणि बारीक भुकटी वापरून तपकिरी थर अगदी वरवर खरवडणं. चट्टे पूर्ण गेले नाहीत, पण चार पावलांवरून दिसेनासे झाले. अशा मुली नंतर येतच राहिल्या. मी त्यांना मनातल्या मनात 'पेशंट' या खान्यात टाकलं. बाकीचे 'हौशी'. दोन खाने केले की डॉक्टरला बरं वाटतं.

ते खाने मोडले एका शाळामास्तरांनी. सरांचे दात राखाडी होते, आडवे पट्टे असलेले. लहानपणी टेट्रासायक्लिन दिलेल्यांचे असे होतात. दात घडताना ते औषध डेंटिनमध्येच जाऊन बसतं. एके काळी लहान मुलांना ते सर्रास दिलं जायचं, आता आठ वर्षांच्या आत टाळतात. मी सरांना सांगितलं की दात मजबूत आहेत, कीड नाही, आता निवृत्तीला आलात, कशाला भानगडीत पडता? सर म्हणाले, "मॅडम, बाहेर बाकावर ती पोरगी बसली होती, तिचं तुम्ही करता. तिनं बोअरचं पाणी पेलं, मला माझ्या मायनं डॉक्टरनंच दिलेलं औषध पाजलं. गुन्हा दोघांचाही नाही. मग तिला उपचार आणि मला व्याख्यान, असं काहून?"

उत्तर नव्हतं. सरांचं केलं. असे दात उजळायला दोन आठवडे पुरत नाहीत, कित्येक महिने लागतात. राखाडी छटा जाऊन पिवळसर आली, हिरडीलगतचा पट्टा तर राहिलाच. सर मात्र त्या पिवळ्यावर खूश होते. माणसासारखे दिसतात आता, म्हणाले.

तरीही मी एक खुंटी धरून होते: ज्याचा दोष नाही त्याचं करायचं. ती उपटली साडीच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या एका काकूंनी. त्यांच्या दातांना काहीच झालेलं नव्हतं, वयानं आलेला पिवळेपणा, बस. ना फ्लोराइड, ना टेट्रासायक्लिन, ना घरात लग्नकार्य. मी विचारलं, कशासाठी करायचं? त्यांनी माझ्या भांगाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमी केस काळे करता ना, मॅडम? कशासाठी करता?"

मेंदी आणि डाय मिळून मी त्यावर दरवर्षी किती घालवते हे त्यांना माहीत नव्हतं, नाहीतर आणखी बोलल्या असत्या. पण मुद्दा मला लागला. मी दातांचा रंग नव्हते बघत. कोण लायक आहे ते ठरवत होते. सोसलेल्याला मिळेल, नुसतं वाटतंय म्हणणाऱ्याला नाही. हे ठरवण्याचं शिक्षण मला कुणी दिलेलं नव्हतं. डॉक्टरनं सांगायचं ते इतकंच: रंग कुठे आहे, तो किती हलेल, काय त्रास होईल, किती खर्च येईल. त्यानंतर करायचं की नाही हे ज्याचे दात त्याचं.

एवढं मान्य केल्यावर उपचार नीट शिकून घेणं आलं, आणि इथे मात्र माझं मत माझ्याच व्यवसायातल्या बऱ्याच जणांना आवडणार नाही. दात पांढरे करण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एकात दवाखान्यातच 35-40 टक्क्यांपर्यंतचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावतात, हिरड्यांना संरक्षक थर देतात, आणि वरून निळा दिवा लावतात. तास-दीड तासात काम. दुसऱ्यात तुमच्या दातांचं माप घेऊन पातळ प्लास्टिकचा ट्रे बनवतात, त्यात 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचा थेंब थेंब जेल घालून तो रात्री घालून झोपायचं. 10 टक्के कार्बामाइड म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. साध्या पिवळेपणाला साधारण दोन आठवडे पुरतात. ही दुसरी तऱ्हा सापडली तीही अपघातानं. आर्कान्सामधल्या बिल क्लुसमायर या दात सरळ करणाऱ्या डॉक्टरनं 1960च्या दशकाच्या अखेरीस हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून हेच कार्बामाइड पेरॉक्साइड जंतुनाशक म्हणून वापरायला दिलं, आणि हिरड्यांबरोबर दातही उजळलेले दिसले. हेवुड आणि हेमन यांनी 1989 मध्ये पद्धत म्हणून ते छापलं.

आमच्या भागात दिव्याच्या बैठकीला जे सांगतात त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत ट्रे होतो. मग लोक दिव्याकडे का जातात? एक तर लगेच होतं. दुसरं कारण कुणी सांगत नाही. तासभर ओठ ताणून तोंड उघडं ठेवलं की दात कोरडे पडतात, आणि कोरडा दात मुळातच जास्त पांढरा दिसतो. फोटो नेमका त्याच क्षणी काढतात. एक-दोन दिवसांत लाळेनं दात पुन्हा ओला होतो आणि रंग थोडा मागे सरकतो. दिव्यानं अखेरच्या रंगात फारसा फरक पडत नाही असं निरनिराळ्या आढाव्यांतून आलेलं आहे. पेरॉक्साइड आपलं काम अंधारातही करतं. मी ते यंत्र घेतलेलं नाही. विकणारे अजून फोन करतात.

ट्रेही निर्दोष नाही. पेरॉक्साइड कवचातून आरपार जातं, नसेपर्यंत पोचतं, म्हणून गार पाण्यानं झिणझिण्या येतात. बहुतेकांच्या थोड्या दिवसांत थांबतात. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट आणि एखाद्या रात्रीची सुट्टी पुरते. 2018 साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं घरी करायच्या ब्लीचिंगवरच्या 71 चाचण्या एकत्र तपासल्या. थोड्या काळापुरता फरक दिसतो, पण पुरावा कच्च्या दर्जाचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष. हे मी पेशंटला सांगते, कारण रंग कायमचा राहत नाही. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा थोडं करावं लागतं. कॅप, सिमेंट, पुढच्या दातातलं फिलिंग यांवर जेलचा काडीचाही परिणाम होत नाही. भोवतालचे दात उजळतात आणि कॅप एकटी पिवळी उरते. फिलिंग बदलायचं असेल तर ब्लीचिंग संपल्यावर दोन आठवडे थांबावं लागतं, नाहीतर नवं नीट चिकटत नाही. कोळशाच्या पेस्टबद्दल विचाराल तर आमची आजी राखुंडीनं दात घासायची, त्याचंच हे दीडशे रुपयांचं रूप. डाग खरवडते, सोबत कवचही.

एका गोष्टीत मात्र माझं मन पूर्ण वळलेलं नाही, वळू नये असंच वाटतं. आमच्या धंद्यात रंग मोजायला सोळा छटांची व्हिटा कंपनीची पट्टी असते. ती खऱ्या माणसांच्या दातांवरून बनली. ब्लीचिंगची चलती झाली तसे त्याहून पांढरे, निसर्गात फारसे न दिसणारे नमुने वेगळे काढावे लागले. ते बघितले की मला गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती आठवतात. उद्या स्थळ बघताना मुलीच्या दातांची छटाही विचारतील अशी भीती वाटते. युरोपीय संघात 2012 पासून अठराच्या आतल्यांना हे करायला मनाई आहे, आणि 0.1 टक्क्याहून जास्त पेरॉक्साइड फक्त दातांच्या डॉक्टरमार्फत, तेही 6 टक्क्यांपर्यंतच. मी अठराची अट पाळते. आईनं कितीही घाई केली तरी. आणि छटा ठरवताना डोळ्यांच्या पांढऱ्यापलीकडे जात नाही. दात डोळ्यांहून पांढरे झाले की चेहऱ्याआधी दातच दिसतात.

तेव्हा कुणी विचारलं की हे करणं परवडतं का, तर माझं आजचं उत्तर असं: आधी सफाई करून घ्या, अर्ध्यांचं काम तिथेच होतं. उरलेल्यांनी डाग कशाचा आहे हे डॉक्टरला विचारावं, सुरुवातीची छटा कागदावर लिहून घ्यावी, आणि ट्रे मागावा. दिव्याला पैसे देऊ नयेत. "कशाला हवंय?" असं कुणी विचारलं, डॉक्टरनंही, तर उत्तर देण्याची गरज नाही.

आमच्या भागातल्या आईबापांना मात्र एक विनंती. गावातल्या शाळेत पोरांच्या पुढच्या दातांवर खडूसारखे चट्टे दिसत असतील तर ग्रामपंचायतीला सांगून बोअरचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवा. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही. आणि पुढचे दात घडतात ते अगदी लहानपणी, तेव्हा घरातल्या सगळ्यात धाकट्या पोराचं पाणी सगळ्यात आधी बदला.